तिरपा उजेड : नाणेघाटचा लेख आणि आमचा खडू

१

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात, संदर्भग्रंथांच्या कपाटाशेजारी, चौकटीतले एक छायाचित्र बरीच वर्षे टांगलेले होते. काळसर कातळावर पांढऱ्याशुभ्र ब्राह्मी अक्षरांच्या चार ओळी आणि खाली कागदाच्या पट्टीवर 'नाणेघाट, डिसेंबर २००३' एवढाच मजकूर. आम्ही तिघे तेव्हा एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सहलीसाठी जुन्नरला गेलो, तिथून नाणेघाटला. गुहेत शिरल्यावर भिंतीवरची अक्षरे काही केल्या नीट दिसेनात. छत्तीस फोटोंच्या रोलमधले जेमतेम सात-आठ उरलेले. तेव्हा आमच्यापैकी एकाने खिशातून खडू काढला. मास्तर होऊ घातलेल्या मुलांच्या खिशात खडू असावा यात नवल नाही. आम्ही पाळीपाळीने अक्षरांच्या खोबणी खडूने भरल्या, कॅमेऱ्याच्या कपाळावरचा फ्लॅश उडवला आणि फोटो 'स्वच्छ' आला म्हणून खूश झालो.

पुढे आम्ही शिकवू लागलो. मराठीच्या उगमाचा तास आला की हे छायाचित्र भिंतीवरून उतरवून वर्गात न्यायचे, हा परिपाठ झाला. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने वा. वि. मिराशी यांच्या 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' या १९७९ सालच्या ग्रंथातील पाठ आणि आमचे छायाचित्र शेजारी ठेवून विचारले, "पुस्तकात या 'त'ला काना नाही. मग फोटोत कुठून आला?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. वीस वर्षे आम्ही तो काना दाखवत होतो आणि तो कोणी कोरला हे आम्हांला सांगता येत नव्हते.

प्रस्तुत लेख त्या कान्याविषयी आहे. दगडावरचे अक्षर कोणत्या उजेडात वाचले जाते, तो उजेड कोण आणतो, कोणत्या बाजूने आणतो आणि आधीपासून तिथे असलेल्या सूर्याच्या उजेडाशी त्याचा मेळ कसा घालतो, हा प्रश्न छायाचित्रकारांचा म्हणून आपण सोडून देतो. आमच्या मते तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांचाही.

२

नाणेघाट जुन्नरच्या पश्चिमेला तीस-पस्तीस किलोमीटरवर, घाटघरच्या पठाराच्या कडेशी आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून देशावर येणारा व्यापारी मार्ग येथून चढत असे. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही आहे. खिंडीच्या तोंडाशी कोरलेल्या गुहेच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर प्रत्येकी दहा ओळींचा एक दीर्घ लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. काळ बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. मागच्या भिंतीवर आठ व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्यांची आता जेमतेम पावले उरली आहेत. पण डोक्यांवर कोरलेली नावे वाचता येतात : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. मूर्ती गेल्या आणि नावे उरली, ही गोष्ट साहित्याच्या माणसाला विशेष वाटावी अशी आहे.

भिंतींवरील लेखात धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार दिक्पाल यांना वंदन आहे; मग एका राणीच्या व्रतस्थ जीवनाचे वर्णन आणि त्यानंतर यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची लांबलचक यादी. अश्वमेध, राजसूय, गायी, हत्ती, घोडे, कार्षापण. ही राणी म्हणजे सातकर्णीची विधवा नायनिका किंवा नागनिका, असे आपण सहज म्हणतो. पण मुख्य लेखात तिचे नाव जिथे असायला हवे तिथे दगड फुटलेला आहे. मागच्या भिंतीवरील नावावरून आणि संदर्भावरून अभ्यासकांनी ते जुळवलेले आहे. प्राचीन महाराष्ट्रातील एका कर्तबगार स्त्रीविषयीचे आपले सारे ज्ञान अशा फुटलेल्या जागांच्या कडेकडेने चालते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठीच्या युक्तिवादात नाणेघाटच्या लेखाचा आणि त्यातील 'महारठी' या शब्दाचा आवर्जून उल्लेख होत आला. 'महारठी' हे तेथे पदनाम आहे, भाषेचे नाव नव्हे, आणि लेखाची भाषा प्राकृत आहे. त्याच दिवशी तोच दर्जा प्राकृतालाही मिळाला, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेतले नाही. असो. मुद्दा असा की ज्या भिंतीकडे एक भाषा आपले जन्मस्थान म्हणून पाहू लागते, त्या भिंतीवरील प्रत्येक रेघेला मोल येते. आणि अशा भिंतीवर खडूही जास्त चालतो.

३

या लेखाच्या वाचनाचा आधुनिक इतिहास जवळजवळ दोन शतकांचा आहे. मुंबई इलाख्यात संख्याशास्त्रीय पाहणीच्या कामावर असलेले कर्नल साइक्स यांनी जुन्नर परिसरातील लेण्यांतील अक्षरांच्या हस्तनकला केल्या. १८३७ साली त्या लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्या. जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मीची किल्ली सापडली तेही त्याच सुमारास. म्हणजे साइक्स यांनी अक्षरे उतरवली तेव्हा ती वाचता येत नव्हती. ते चित्र काढत होते. न वाचता काढलेल्या चित्राला एक फायदा असतो. पुढे काय यायला हवे हे हाताला ठाऊक नसते, त्यामुळे तो जे दिसते तेच काढतो. तोटाही तोच. काय महत्त्वाचे हे ठाऊक नसल्याने भेग आणि अक्षर त्याला सारखेच.

पुढचे मोठे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे. जुनागढचा हा विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी १८६०च्या दशकापासून देशभर फिरून लेखांच्या नकला आणि ठसे आणत असे. नाणेघाटच्या लेखातील अंकांवर त्यांनी १८७६च्या सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेला निबंध भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात पायाभूत मानला जातो. १८८१ साली जेम्स बर्जेस यांच्याबरोबर त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक सिद्ध केले. १८८३ साली गेओर्ग ब्यूलर यांचे वाचन पुरातत्त्व पाहणीच्या पाचव्या खंडात आले. नंतरची सारी चर्चा या दोन-तीन वाचनांभोवती फिरते.

हे सारे वाचन मुख्यत्वे डोळ्याने आणि ठशाने झालेले आहे. ठसा म्हणजे ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशाने ठोकून खोबणीत बसवायचा आणि वरून शाई फिरवायची. खोबण पांढरी राहते, पृष्ठभाग काळा होतो. ही पद्धत उत्तम. पण दगडाला हात लावते, आणि भेगेलाही अक्षराइतकेच इमानदारीने पांढरे ठेवते. दगड झिजलेला असेल तर ठसाही मूक होतो. मग वाचणाऱ्याला ठरवावे लागते.

या ठरवण्याचे एक उदाहरण देतो. लेखातील एका राजपुत्राचे नाव ब्यूलर यांनी 'वेदिसिरि' असे वाचले. पुढे काही अभ्यासकांना तेच नाव 'खदसिरि', म्हणजे स्कंदश्री, असे वाटले. देवनागरीत ही नावे एकमेकांपासून दूर दिसतात. ब्राह्मीत ती शेजारी आहेत. 'व' म्हणजे वर्तुळावर उभी रेघ. तिला वर डावीकडे एकाराची रेघ जोडली की 'वे'. आणि 'ख' म्हणजे आकड्यासारखी वळलेली रेघ, तळाशी गोळा. त्या माथ्यावरच्या डावीकडच्या तुकड्याला मात्रा म्हणायचे की अक्षराचेच वळण म्हणायचे, एवढाच प्रश्न. त्याच्या उत्तरावर सातवाहनांच्या वंशावळीतील एक नाव अवलंबून आहे, आणि पुराणांतील राजांच्या याद्यांशी त्याची जुळणीही.

४

आता उजेडाकडे येऊ. कोरलेले अक्षर रंगाने दिसत नाही, सावलीने दिसते. खोबणीच्या एका कडेवर उजेड पडतो, दुसरी कडा सावलीत जाते, आणि त्या दोहोंच्या भेदातून डोळा रेघ ओळखतो. यावरून एक साधा नियम निघतो. रेघेला आडवा जाणारा उजेड ती रेघ दाखवतो. रेघेच्या दिशेनेच जाणारा उजेड ती पुसून टाकतो.

नाणेघाटच्या गुहेत नैसर्गिक उजेड एकाच बाजूने येतो, तोंडाकडून. मागच्या भिंतीवर तो समोरून आपटतो. तिथे सावल्या पडत नाहीत आणि मूर्तींवरची नावे सपाट दिसतात. डाव्या-उजव्या भिंतींवर तो तिरपा सरकत जातो. हे वाचनाला अनुकूल खरे, पण अर्धेच. भिंतीवरून आडवा सरकणारा उजेड उभ्या रेघा ठळक करतो आणि आडव्या रेघा गिळतो. आता ब्राह्मीची वर्णमाला आठवा. 'र' ही नुसती उभी रेघ. 'क' म्हणजे उभ्या रेघेवर आडवी रेघ, अधिकचिन्हासारखी. 'न' म्हणजे उभी रेघ आणि पायाशी आडवी बैठक. आडव्या रेघा मावळल्या की 'क' आणि 'न' दोन्ही 'र'सारखे दिसू लागतात. काना म्हणजे अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे आडवी रेघ, एकार म्हणजे डावीकडे. तेही जातात. अंकांचेही तेच. एक आणि दोन हे अंक म्हणजे एक आणि दोन आडव्या रेघा. शंभराच्या चिन्हाला उजवीकडे एक रेघ जोडली की दोनशे होतात, दोन जोडल्या की तीनशे. नायनिकेने किती दिले याचा हिशेब अशा बोटभर रेघांवर उभा आहे, आणि गुहेत येणारा रोजचा उजेड नेमका त्याच रेघांवर मेहेरबान नाही.

तेव्हा गरज असते ती दुसऱ्या उजेडाची, वरून किंवा खालून येणाऱ्या. तो माणसाला आणावा लागतो. वेरूळ-अजिंठ्याकडे आरसा आणि पांढरे कापड धरून उन्हाचा कवडसा लेण्यात आत नेण्याची रीत होती. ती या कलेची आजी म्हणावी. सूर्य तोच, फक्त त्याची दिशा बदललेली. १८६४च्या सुमारास मॅग्नेशियमची तार बाजारात मिळू लागली आणि उजेड गाठोड्यात बांधून नेता येऊ लागला. १८६५ साली चार्ल्स पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदाने गीझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात मॅग्नेशियम जाळून छायाचित्रे घेतली. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी झटक्यात पेटणारी पूड काढली. १९२९ साली काचेच्या फुग्यातला बल्ब आला आणि धूर संपला. १९३१च्या सुमारास अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या ठिणगीचा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा फ्लॅश घडवला. आज आपल्या हातातला फ्लॅश त्याचाच वंशज.

यातली गंमत अशी की मॅग्नेशियमच्या आणि पुडीच्या काळात उजेड आपोआपच कॅमेऱ्यापासून दूर असे. जळती तार भिंगाशेजारी कोण धरील? पुढे सोय वाढली तसा उजेड कॅमेऱ्याच्या जवळ सरकत गेला आणि शेवटी त्याच्या कपाळावर जाऊन बसला. कपाळावरचा फ्लॅश म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यातूनच निघालेला उजेड. त्याच्या सावल्या वस्तूच्या मागे पडतात, पाहणाऱ्याला दिसत नाहीत. कोरीव लेखासाठी याहून वाईट उजेड नाही. २००३ साली आमच्या फोटोत खडू नसता तर नुसता पांढुरका कातळ आला असता, आणि म्हणूनच आम्हांला खडू लागला. सोयीच्या उजेडाने आंधळे व्हायचे आणि मग ते आंधळेपण दगडावर रेघोट्या ओढून भरून काढायचे, असा तो प्रकार होता.

५

विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा नाणेघाटला गेलो. बरोबर सहा विद्यार्थी, एक साधा डिजिटल कॅमेरा, दोन छोटे फ्लॅश आणि ते दुरून उडवणारा रेडिओ ट्रिगर. संरक्षित स्मारकात स्टँड आणि तिवई लावायची तर परवानगी लागते. आमच्याकडे दोन्ही नव्हते. डोंगरात चालताना वापरायच्या काठीला एक फ्लॅश बांधला आणि काठी एका उंच विद्यार्थ्याच्या हातात दिली.

आधी फ्लॅशशिवाय, निव्वळ गुहेच्या तोंडाच्या उजेडात छायाचित्रे घेतली. उभ्या रेघा स्पष्ट, आडव्या अंधुक, हे वर लिहिलेले सारे पडद्यावर दिसले. मग तो नैसर्गिक उजेड एका पायरीने कमी केला. याची युक्ती साधी आहे. फ्लॅश क्षणाच्या हजाराव्या हिश्श्यात उडून संपतो, त्यामुळे शटर किती वेळ उघडे आहे याचे त्याला देणेघेणे नसते. शटरची गती वाढवली की सूर्याचा वाटा कमी होतो, फ्लॅशचा तेवढाच राहतो. ॲपर्चर मात्र दोघांनाही सारखे आवळते. म्हणजे शटर हा सूर्याचा नळ आणि फ्लॅशची शक्ती हा फ्लॅशचा नळ; दोन्ही हवे तेवढे सोडायचे. आम्ही सूर्याला निम्म्यावर आणले आणि फ्लॅश वरून, छताच्या बाजूने, भिंतीला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा सोडला. पहिल्या प्रयत्नात वरच्या ओळी जळाल्यासारख्या पांढऱ्या आणि खालच्या काळोखात. उजेडाचे अंतर दुप्पट झाले की त्याचे बळ चौथाईवर येते, हा शाळेत घोकलेला नियम तेव्हा अंगाशी आला. फ्लॅश भिंतीपासून लांब नेला, शक्ती वाढवली, तेव्हा दहाही ओळी बऱ्यापैकी सारख्या उजळल्या.

गुहेचा उजेड डावीकडून, आमचा उजेड वरून. एकाने उभ्या रेघा दाखवल्या, दुसऱ्याने आडव्या. 'क'चे हात परत आले, 'न'च्या बैठका परत आल्या. विद्यार्थी मोठ्याने अक्षरे लावू लागले. आम्ही मात्र एकाच अक्षराकडे पाहत होतो.

त्या 'त'च्या माथ्याशी उजवीकडे आडवी रेघ होती. पण वरून आलेल्या उजेडात ती तिथे थांबत नव्हती. केसासारखी बारीक होत ती पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून गेली होती आणि त्याच्याही पुढे एका खवल्यात जाऊन संपली होती. छिन्नीच्या खोबणीला सारखी रुंदी असते आणि शेवट असतो. या रेघेला दोन्ही नव्हते. ती भेग होती. २००३ साली आम्ही त्या भेगेचा अक्षराजवळचा अर्ध्या बोटाचा तुकडा खडूने भरला आणि उरलेला सोडून दिला. का सोडला? कारण संस्कृताच्या सवयीने आमच्या कानाला तिथे 'ता' हवा होता. आमची जाणीव आधी झाली होती; दगडाकडे आम्ही नंतर पाहिले. भगवानलाल, ब्यूलर, मिराशी यांचे वाचन बरोबर होते. त्यात काना नव्हता, कारण तो कधी कोरलाच गेला नव्हता.

त्या भिंतीवर खालच्या ओळींत अजूनही कोणाकोणाच्या खडूचे पुसट थर दिसतात. त्यांतला आमचा कोणता हे आता सांगता येणार नाही. आम्हांला लाज वाटली ती काना चुकल्याची नाही. चूक होतेच. लाज या गोष्टीची की आमची चूक आम्ही आमच्या वहीत न लिहिता मूळ प्रतीवर लिहिली.

६

परतताना आंबेगाव तालुक्यातून आलो. घोडेगावहून डिंभ्याकडे जाणाऱ्या बाजूला एका गावाच्या वेशीजवळ झाडाखाली तीन वीरगळ उभे आहेत. या तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव हलले की वेस हलते, वेस हलली की तिच्याशी उभे असलेले दगड हलतात किंवा बुडतात. म्हणून या खोऱ्यातील उघड्यावरच्या दगडांची नीट छायाचित्रे असणे ही चैन नव्हे.

गुहेत उजेड कमी होता, इथे तो फार होता. भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडत होते. वीराच्या तलवारीची सावली त्याच्या पायांवर आणि अप्सरांची सावली खालच्या चौकटीवर. सूर्याशी फ्लॅशने झुंजणे सोपे नाही. साध्या कॅमेऱ्यात सेकंदाच्या दोनशेव्या-अडीचशेव्या भागापलीकडे शटर आणि फ्लॅश यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे ऊन हवे तेवढे छाटता येत नाही. एका विद्यार्थिनीने आपली काळी छत्री दगडावर धरली. थेट ऊन गेले, आकाशाचा मऊ उजेड उरला. मग डाव्या बाजूने, दगडापासून दोन हातांवर फ्लॅश धरला. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, असे सारे एकेक करून उठून आले.

दगड पाहायला जमलेल्यांपैकी एका आजोबांनी शेंदूर लावलेल्या तिसऱ्या दगडाकडे बोट दाखवून विचारले, "याचा नाही काढत?" आम्ही म्हटले, याच्यावर शेंदराचा थर आहे, खालचे दिसत नाही. ते म्हणाले, "दिसत नाही तर राहू द्या. तो देव आहे, त्याला कशाला उघडा करता?" यावर आम्ही काय बोलणार? शेंदूर हेही एक वाचनच आहे, आणि ते गावाचे आहे. आमच्या खडूत आणि त्यांच्या शेंदरात फरक एवढाच की त्यांनी दगड वाचल्याचा दावा कधी केला नाही.

७

तिरपा उजेड म्हणजे सत्याची हमी, असे आमचे म्हणणे नाही. उजेडही फसवतो. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असे धरून चालतो. त्यामुळे खालून फ्लॅश टाकला तर कोरलेली अक्षरे उठावाची दिसू लागतात, खड्डा उंचवट्यासारखा वाटतो. सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाचा, त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोके ठिकठिकाणी. योग्य कोनातून उजेड आला की अशा प्रत्येक भोकाचा अनुस्वार होऊ शकतो. शिवाय जिथे रंगकाम शिल्लक आहे, जसे शिवनेरीवरील लेण्यांच्या छतांवर, तिथे फ्लॅश मुळीच वापरू नये. अजिंठ्यात त्याला बंदी आहे ती योग्यच.

पण उजेडाच्या फसवणुकीला उपाय आहे. तो म्हणजे दुसरा उजेड. एका दिशेने काना वाटला, दुसऱ्या दिशेने पाहा. २००१ साली टॉम मालझबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर एक तंत्र मांडले. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. फ्लॅश मात्र वस्तूभोवती निरनिराळ्या कोनांतून फिरवत अनेक छायाचित्रे घ्यायची, आणि संगणकाने ती एकत्र करायची. मग पडद्यावर बसल्या जागी उजेड हवा तसा फिरवता येतो. ग्रीसजवळच्या समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेराच्या यंत्रावरील झिजलेली अक्षरे २००५ साली या तंत्राने तपासली गेली. आमचे काठीला बांधलेल्या फ्लॅशचे प्रकरण त्या मानाने पोरखेळ. पण तत्त्व तेच. एका भिंतीची बारा छायाचित्रे, बारा दिशांचे उजेड. कोणते वाचन कोणत्या उजेडात दिसते हे पुढच्याला तपासता यावे, म्हणून प्रत्येकासोबत उजेडाची दिशा लिहिलेली.

मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवे वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. त्या सत्तेचाळीस वर्षांच्या कामाची शिस्त एका वाक्यात सांगायची तर अशी : निवडलेला पाठ वर, नाकारलेले पाठ खाली, पण फेकून काहीच द्यायचे नाही. संपादकाचा निर्णय वाचकाला दिसला पाहिजे आणि मोडताही आला पाहिजे. पोथीवर स्वतःच्या शाईने दुरुस्ती करणारा संपादक आपण अडाणी ठरवू. दगडावर खडू फिरवणारा मात्र आपल्याला उत्साही वाटतो, आणि त्याचा फोटो ठळक आला म्हणून आपण तोच पुस्तकात छापतो, वर्गात दाखवतो, एकमेकांना पाठवतो. खडूने भरलेले अक्षर पुढच्या वाचकाचा पर्याय काढून घेते. बाजूने टाकलेला उजेड क्षणात विझतो आणि दगड होता तसा उरतो. पुढचा वाचक वेगळ्या बाजूने उजेड टाकायला मोकळा असतो.

विभागातील ते जुने छायाचित्र आम्ही काढून टाकले नाही. त्याच्या शेजारी नवी बारा लावली आहेत. जुन्याखालच्या पट्टीवर आता आणखी एक ओळ आहे : 'अक्षरांत खडू भरलेला आहे, तिसऱ्या ओळीतील काना आमचा.' यंदाच्या वर्गात ज्या दिवशी हा तास झाला, त्या दिवशी एका मुलाने बाराव्या छायाचित्रात आणखी एका अक्षराकडे बोट दाखवले आणि तीही भेगच असावी असे म्हटले. आम्ही त्याला बाकीची अकरा नीट पाहून यायला सांगितले आहे.